गृहीत धरलेला ताळमेळ

फेब्रुवारी 2000मध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या गोल्डस्टोन केंद्रावरून कॅसिनी यानाकडे एक बनावट सिग्नल पाठवण्यात आला. कॅसिनी ऑक्टोबर 1997मध्ये पृथ्वीवरून निघाले होते आणि शनीच्या वाटेवर होते. त्याच्या अंगावर हायगेन्स नावाची युरोपीय कुपी होती. शनीचा सर्वांत मोठा चंद्र टायटन. त्याच्या दाट वातावरणात ही कुपी पॅराशूटने उतरायची होती आणि उतरताना जे दिसेल, जे मोजले जाईल ते कॅसिनीला कळवणार होती. कॅसिनीने ते साठवून मग पृथ्वीकडे पाठवायचे, अशी योजना. बनावट सिग्नलची कल्पना बोरिस स्मेड्स या स्वीडिश अभियंत्याची. युरोपीय अवकाश संस्थेच्या डार्मस्टाट इथल्या केंद्रात तो काम करत होता. उड्डाणापूर्वी या संपर्कसाखळीची खऱ्या परिस्थितीसारखी संपूर्ण चाचणी झालेली नाही, हे त्याला खटकत होते. वरिष्ठांना पटवायला वेळ लागला, पण तो हटला नाही. टायटनवर उतरताना हायगेन्सचा सिग्नल कॅसिनीला जसा मिळेल हुबेहूब तसाच सिग्नल त्याने तयार करवला, वेगामुळे पडणाऱ्या फरकासकट.

कॅसिनीने तो घेतला आणि परत पाठवला. वाहक लहर नीट पकडली गेली होती. तिच्यावरची माहिती मात्र वाचता येत नव्हती.

कारण शोधायला काही महिने गेले. मूळ योजनेनुसार कॅसिनी आणि कुपी यांच्यातले अंतर सेकंदाला सुमारे 5.5 किलोमीटर या वेगाने घटणार होते. अंतर घटत असेल तर येणाऱ्या लहरीची वारंवारता वाढलेली भासते. हा डॉप्लर परिणाम. सुमारे 2 गिगाहर्ट्झच्या वाहक लहरीत त्यामुळे सुमारे 38 किलोहर्ट्झचा फरक पडतो, आणि तो सांभाळून घेण्याची व्यवस्था रिसीव्हरमध्ये होती. पण वेगामुळे फक्त वाहक लहर दाटत नाही. तिच्यावरून येणारे बिटही त्याच प्रमाणात दाटतात. हायगेन्स सेकंदाला 8192 बिट पाठवणार होती. दाटण्यामुळे पडणारा फरक लाखात दोन भागांपेक्षाही कमी आहे. तरी बिट मोजणारे घड्याळ त्यानुसार सरकले नाही, तर सात सेकंदांच्या आत रिसीव्हर एक अख्खा बिट मागे पडतो. कॅसिनीवरच्या रिसीव्हरमध्ये बिटांचे घड्याळ जुळवणाऱ्या भागाला एवढी मोकळीक दिलेलीच नव्हती. दुरुस्ती तशी किरकोळ होती. त्या भागातले थोडे आकडे बदलले असते तर काम झाले असते. पण यान उडाल्यावर त्या आकड्यांपर्यंत पोहोचण्याची सोय नव्हती.

मग बदलावी लागली ती यानाची वाट. टायटनपासून सुमारे 1,200 किलोमीटरवरून जाण्याऐवजी कॅसिनी सुमारे 60,000 किलोमीटरवरून जाईल, असा मार्ग नव्याने आखला गेला. तिथून ते कुपीकडे झेपावत येत नाही, तिच्या बाजूने सरकते. त्यामुळे दोघांना जोडणाऱ्या रेषेवरचा वेग खूप घटतो आणि डॉप्लर आवाक्यात राहतो. कुपीची यंत्रणा उतरण्याच्या काही तास आधी सुरू करून तापवायचेही ठरले, कारण तापमानाबरोबर तिच्या घड्याळाची गती किंचित बदलते आणि तो बदल इथे उपयोगी पडणार होता. 14 जानेवारी 2005 रोजी हायगेन्स टायटनवर उतरली आणि तिची माहिती वाचता आली. एका घड्याळाला नाकारलेल्या मोकळिकीसाठी एका यानाची शनीभोवतीची कक्षा बदलावी लागली, ही गोष्ट दळणवळणाच्या प्रत्येक वर्गात पहिल्या आठवड्यात सांगितली पाहिजे.

ती सांगितली जात नाही, याचे कारण त्या विषयाच्या मांडणीतच आहे. डिजिटल दळणवळणाच्या पुस्तकांत एक वाक्य वारंवार भेटते: समजा, रिसीव्हर पूर्णपणे जुळलेला आहे. त्यानंतर देखणे गणित सुरू होते. क्लॉड शॅननने 1948मध्ये घालून दिलेली मर्यादा, तिच्या जवळ नेणारे संकेतन, चुकांच्या दराची सूत्रे, आलेख. जुळवणीचे प्रकरण असलेच तर बरेच पुढे असते आणि सत्र संपत आल्यावर ते वगळायला सर्वांत सोपे असते. विद्यार्थ्याच्या मनात अशी समजूत तयार होते की संदेश उलगडणे हे खरे काम आणि जुळवणे ही त्याआधीची किरकोळ तयारी. प्रत्यक्षात रिसीव्हरची निम्मी बुद्धी या तयारीतच खर्च होते. ‘समजा’ या एका शब्दाखाली ज्या गोष्टी दडपल्या जातात, त्या मोजणे हेच बिनतारी दळणवळणाचे सर्वांत कठीण आणि सर्वांत विचारप्रवर्तक अंग आहे.

नुकत्याच सुरू केलेल्या मोबाइलला काय काय माहीत नसते ते पाहिले, तर हे पटते. त्याच्यापाशी क्वार्ट्झचा एक स्वस्त स्फटिक असतो. त्याच्या गतीत दहा लाखांत एक भाग जरी चूक असली, तरी 2 गिगाहर्ट्झला ती 2,000 हर्ट्झ होते. ताशी 100 किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीमुळे त्याच वारंवारतेला पडणारा डॉप्लर फरक जेमतेम 185 हर्ट्झ असतो. म्हणजे जगाच्या हालचालीपेक्षा फोनचे स्वतःचे घड्याळ त्याला दसपट अधिक फसवते. शिवाय एक चिन्ह कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते हे त्याला ठाऊक नसते. लहरीचा फेज ठाऊक नसतो. समोरची इमारत, मागचा डोंगर आणि शेजारून जाणारी बस यांच्यावर आपटून त्याच सिग्नलच्या किती प्रती, किती उशिराने आणि किती क्षीण होऊन येत आहेत हे ठाऊक नसते. गोंगाट किती आहे तेही नाही. या साऱ्या अज्ञात राशी, म्हणजे संख्याशास्त्राच्या भाषेत प्राचले, त्याला त्याच सिग्नलमधून काढायची असतात, जो ती कळल्याशिवाय वाचता येत नाही.

रंगात आलेल्या भजनात उशिरा येऊन बसलेल्या टाळकऱ्याला दोन गोष्टी वेगवेगळ्या कळाव्या लागतात: लय किती आणि सम कुठे. सम सापडली पण लय केसभर चुकली, तर पहिली काही आवर्तने बरी जातात आणि मग तो हळूहळू सगळ्यांपासून सुटत जातो. हायगेन्सच्या बाबतीत नेमके हेच होणार होते. वारंवारता आणि वेळ ही एकाच घड्याळाची दोन रूपे असली, तरी एक सांभाळल्याने दुसरे आपोआप सांभाळले जात नाही. कॅसिनीच्या रिसीव्हरमध्ये एकाची काळजी घेतली होती, दुसऱ्याची नाही.

या कोंडीतून बाहेर पडण्याचा मार्ग म्हणजे दोन्ही बाजूंना आधीच माहीत असलेले काहीतरी पाठवणे. ब्रिटनमध्ये आर. एच. बार्करने 1953मध्ये छोट्या संकेतमालांची एक यादी मांडली. त्या मालेला स्वतःवरच सरकवत नेले, तर जागच्या जागी बसताच उत्तर एकदम उंच येते आणि एका घरानेही सरकली तरी ते जवळजवळ शून्यावर पडते. अशी सर्वांत लांब ज्ञात माला फक्त 13 चिन्हांची आहे. रिसीव्हर येणाऱ्या सिग्नलवर ही माला सरकवत राहतो. उत्तर उसळले की सुरुवात सापडली. वायफायच्या पहिल्या पिढीत 11 चिन्हांची बार्कर माला होती. 4जीमध्ये प्रत्येक टॉवर दर 5 मिलिसेकंदांना झाडॉफ-चू नावाची माला पाठवतो. 5जीत तिच्या जागी 127 चिन्हांची वेगळी माला आली, कारण झाडॉफ-चू मालेत वारंवारतेतली चूक वेळेतल्या चुकीसारखी दिसू शकते आणि फोन फसू शकतो. पिढी बदलली तेव्हा जाहिराती वेगाबद्दल बोलल्या. ही बदललेली माला त्या वेगाच्या पायाशी आहे, हे फारच थोड्यांना कळले.

जीएसएमची, म्हणजे 2जीची रचना या बाबतीत आजही मन लावून पाहण्यासारखी आहे. टॉवर अधूनमधून फक्त शून्यांची एक रांग पाठवतो. मॉड्युलेशनच्या खुबीमुळे तिचा एक शुद्ध, एकसुरी स्वर बनतो, आणि फोन त्यावरून आपल्या स्फटिकाची चूक मोजतो. पुढे प्रत्येक तुकड्यात 148 बिट असतात आणि त्यांतले 26 बिट दोघांनाही आधीच ठाऊक असतात. ते काहीही सांगत नाहीत. त्यांच्यावरून फोन एवढेच ओळखतो की मधल्या हवेने सिग्नलचे काय केले. शंभरातल्या सतरा-अठरा बिटांचे हे दान आहे, आणि ज्या काळात एकेका बिटाची किंमत मोजली जात होती त्या काळात ते दिले गेले. हे 26 बिट तुकड्याच्या मधोमध ठेवलेले असतात, सुरुवातीला नाही. चालत्या गाडीत हवेची स्थिती त्या अर्ध्या मिलिसेकंदातही बदलते. मधोमध घेतलेला अंदाज दोन्ही टोकांना कमीत कमी शिळा होतो.

याच पद्धतीत टॉवर प्रत्येक फोनला सांगतो की तू किती लवकर बोलायला लाग, म्हणजे तुझा तुकडा माझ्यापाशी ठरल्या वेळी पोहोचेल. हा आकडा 0 ते 63 असा असतो आणि त्याची एक पायरी म्हणजे सुमारे 550 मीटर. म्हणून साध्या जीएसएम टॉवरची हद्द 35 किलोमीटरवर संपते. त्या हद्दीपलीकडे सिग्नल भरपूर असला तरी फोन लागत नाही. तिथे संपते ती वेळ जुळवण्याची मुभा, ताकद नव्हे.

इतके सगळे मोजायचे तर किती अचूक मोजता येईल, हा प्रश्न येतोच. त्याचे उत्तर कोलकात्यात सापडले आणि त्यात एका मराठी विद्यार्थ्याचा वाटा आहे.

1944च्या सुमारास सी. आर. राव नावाचा चोविशीतला तरुण कोलकाता विद्यापीठात एम.ए.च्या वर्गाला अंदाजशास्त्र शिकवत होता. रोनाल्ड फिशरने दाखवले होते की नमुना खूप मोठा असेल, तर अंदाजातल्या चुकीला एक खालची मर्यादा असते. त्या खाली कोणतीही युक्ती जात नाही. वर्गातल्या एका विद्यार्थ्याने विचारले, नमुना लहान असेल तर काय? विचारणारा होता विनायक महादेव दांडेकर. हेच पुढे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर झाले आणि नीळकंठ रथ यांच्यासह त्यांनी भारतातल्या दारिद्र्यावरचा गाजलेला अभ्यास केला. रावांनी त्या प्रश्नावर विचार केला आणि एका दिवसाच्या आत लहान नमुन्यासाठीही तशीच मर्यादा सिद्ध केली. 1945मध्ये कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीच्या पत्रिकेत तो लेख आला. स्वीडनचे हाराल्ड क्रामेर स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षावर पोहोचले होते. आज जगभर ही क्रामेर-राव मर्यादा म्हणून ओळखली जाते, आणि रिसीव्हर बनवणारा प्रत्येक अभियंता आपल्या जुळवणीचा आलेख तिच्याशेजारी काढून दाखवतो.

या मर्यादेचे मोल ती ‘नाही’ म्हणते यात आहे. एवढ्या सिग्नलमधून, एवढ्या गोंगाटात, एवढ्या वेळात याहून अचूक वारंवारता तुला कळूच शकत नाही, असे ती आधीच सांगते. मग मेहनत कुठे थांबवायची हे ठरते. प्रतीक्षेची किंमतही ती दाखवते. फेज मोजायचा असेल आणि निरीक्षणाचा काळ दुप्पट केला, तर चूक सुमारे 1.4 पटीने घटते. पण एका शुद्ध स्वराची वारंवारता मोजायची असेल, तर तेवढ्याच दुप्पट काळात चूक जवळजवळ 2.8 पटीने घटते. वारंवारतेच्या बाबतीत धीर धरणाऱ्याला फार मोठे फळ मिळते. अडचण एवढीच की जग थांबून राहत नाही. गाडी वळते, स्फटिक तापतो, यान पुढे जाते. जास्त वेळ ऐकले तर गोंगाटाची सरासरी निघून जाते, पण जे मोजायचे तेच दरम्यान बदलते. कमी वेळ ऐकले तर बदल पकडता येतो, पण गोंगाट अंगावर येतो.

जुळवणीची सारी कला या दोन टोकांमध्ये आहे. फ्रान्सच्या आंरी द बेलसीझने 1932मध्ये मांडलेली, चूक सतत मोजून स्वतःला जुळवत राहणाऱ्या फेज-बद्ध वळणाची (फेज-लॉक्ड लूपची) कल्पना आणि अमेरिकेत जॉन कोस्टासने 1956मध्ये मांडलेले वळण आजही असंख्य रिसीव्हरांत फिरत आहेत. दोन्हींत एक निर्णय माणसाला घ्यावा लागतो: वळण किती रुंद ठेवायचे. अरुंद ठेवले तर ते शांत आणि अचूक, पण मंद. रुंद ठेवले तर चपळ, पण चंचल. कॅसिनीच्या रिसीव्हरमधले बिटांचे वळण शांत ठेवलेले होते. मंद गतीने बदलणाऱ्या जगासाठी तो निर्णय योग्यच ठरला असता. तो चुकला कारण त्यामागचे जग कुणी तपासून पाहिले नाही. गणित कमी पडल्याचे हे उदाहरण नाही. गणिताला दिलेली गृहीतके तपासायची राहून गेल्याचे आहे. म्हणूनच ‘समजा, जुळलेले आहे’ या वाक्याकडे संशयाने पाहिले पाहिजे.

जुळवणीला दुय्यम मानण्यात आणखी एक तोटा आहे, आणि तो ज्ञानाचा आहे. संदेश वाचणाऱ्याला ज्या राशी अडथळा वाटतात, त्यांतच पुष्कळदा खरी बातमी असते. 4 ऑक्टोबर 1957 रोजी स्पुतनिक आकाशात गेला. तो पाठवत होता फक्त बीप-बीप. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेत विल्यम गाइयर आणि जॉर्ज वाइफेनबाख या दोघांनी त्या 20 मेगाहर्ट्झच्या लहरीचा डॉप्लर नोंदवायला सुरुवात केली. उपग्रह जवळ येताना वारंवारता चढलेली, दूर जाताना उतरलेली, आणि त्या वक्राच्या आकारावरून त्याची पूर्ण कक्षा काढता आली. मग त्यांचे सहकारी फ्रँक मक्ल्युअर यांनी प्रश्न उलटा केला: कक्षा माहीत असेल, तर ऐकणाऱ्याचे ठिकाण काढता येईल का? त्यातून ट्रान्झिट ही पहिली उपग्रह-दिशादर्शन यंत्रणा उभी राहिली. बीपमध्ये कोणताही गुपित संदेश नव्हता. सारा अर्थ त्या डळमळणाऱ्या वारंवारतेत होता.

टायटनवरही असेच झाले. हायगेन्स दोन वाहिन्यांवरून बोलत होती. त्यांपैकी एका वाहिनीचा कॅसिनीवरचा रिसीव्हर सुरू करण्याची आज्ञा राहून गेली आणि तिच्यावरची सगळी माहिती, शेकडो छायाचित्रांसह, गेली. वाऱ्याचा वेग मोजण्याचा प्रयोगही त्याच वाहिनीवर अवलंबून होता. पण पृथ्वीवरच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणी, अमेरिकेतल्या ग्रीन बँकपासून ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सपर्यंत, त्या कुपीची क्षीण वाहक लहर सुमारे 120 कोटी किलोमीटरवरून ऐकत होत्या. त्यांना संदेश वाचता येणे शक्यच नव्हते. त्यांनी फक्त वारंवारता मोजली, आणि तिच्यातल्या बारीक बदलांवरून टायटनच्या आकाशातला वारा उलगडला: 120 किलोमीटर उंचीवर ताशी सुमारे 430 किलोमीटर. ज्या डॉप्लरने ही मोहीम बुडवायला घेतली होती, त्यानेच तिचा एक प्रयोग वाचवला.

19 ऑक्टोबर 2016 रोजी हेच काम पुणे जिल्ह्यातल्या खोडदने केले. नारायणगावजवळच्या त्या गावात आणि भोवतालच्या शिवारात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना सुमारे 25 किलोमीटरच्या पट्ट्यात पसरल्या आहेत. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली ही दुर्बीण मुळात स्वतःच जुळवणीचे एक भव्य उदाहरण आहे, कारण तीसही अँटेनांना एकच लहर वेगवेगळ्या क्षणी भेटते आणि ते क्षण एकमेकांशी नेमके बसवल्याशिवाय चित्र बनत नाही. त्या दिवशी युरोपचे स्कियापरेली यान मंगळावर उतरत होते. त्याचा 401 मेगाहर्ट्झच्या आसपासचा सिग्नल मंगळाभोवती फिरणाऱ्या यानासाठी होता, पृथ्वीसाठी नव्हता. तरीही खोडदला त्याची वाहक लहर सापडली. यान वातावरणात शिरले, पॅराशूट उघडले, वेग घटला, हे सगळे वारंवारतेच्या एका रेषेवर उमटत गेले. आणि उतरण्याच्या ठरलेल्या वेळेच्या थोडे आधी ती रेषा तुटली.

पुढे झालेल्या चौकशीत जे समोर आले तेही याच विषयातले आहे. गिरकी मोजणाऱ्या उपकरणाचा आकडा सुमारे एक सेकंद कमाल मर्यादेला अडकून राहिला. त्या आकड्यावरून संगणकाने उंचीचा अंदाज काढला आणि तो उणे आला, म्हणजे यान जमिनीच्या खाली आहे! प्रत्यक्षात ते सुमारे 3.7 किलोमीटर उंचीवर होते. संगणकाने अंदाजावर विश्वास ठेवला, पॅराशूट सोडून दिले आणि यान कोसळले. चांगल्या अंदाजकाला उत्तराबरोबर त्या उत्तरावर किती विसंबायचे हेही सांगता आले पाहिजे. स्कियापरेलीत ती शंका घेणारे कुणी नव्हते.

हे सगळे मान्य करूनही कुणी म्हणेल, की आता हा प्रश्न सुटला आहे. पाच-सहा हजारांच्या फोनमधली चिप सेकंदाच्या आत टॉवर शोधते, वायफायचा प्रत्येक संदेश 16 मायक्रोसेकंदांच्या ओळखीच्या तुकड्याने सुरू होतो आणि रिसीव्हर तेवढ्यात जुळतो. विद्यार्थ्याने आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळावे. सिग्नल पाठवणारे आणि घेणारे दोन्ही न्यूरल नेटवर्क असू द्यावीत, ती एकत्र शिकतील. हा युक्तिवाद वरवरचा नाही, म्हणून त्याचे उत्तर प्रयोगातूनच द्यायला हवे. स्टुटगार्ट विद्यापीठ आणि बेल लॅब्सच्या संशोधकांनी 2018मध्ये अशी यंत्रणा खरोखर हवेतून चालवून दाखवली. ते महत्त्वाचे काम होते. पण एकेक सुटा तुकडा सोडून सलग माहिती पाठवायची वेळ आली, तेव्हा रिसीव्हर जुळवण्याचा प्रश्न समोर उभा राहिला, आणि तुकड्याची सुरुवात शोधण्यासाठी त्यांना आणखी एक वेगळे नेटवर्क जोडावे लागले. यंत्र शिकते तेव्हाही आधी कुठून वाचायचे हे कुणीतरी ठरवावे लागते. आणि रावांची मर्यादा शिकलेल्या यंत्रालाही तशीच लागू आहे. आधीची माहिती देऊन अंदाज सुधारता येतो. सिग्नलमध्ये जे नाहीच ते मात्र त्यातून काढता येत नाही.

शिवाय प्रश्न सुटला असे वाटते तेव्हा तो बहुधा दुसऱ्या जागी सरकलेला असतो. भारतातल्या 5जीच्या मोठ्या भागात एकाच वारंवारतेवर आळीपाळीने पाठवणे आणि ऐकणे चालते. शेजारचे दोन टॉवर वेगळ्या वेळी बोलू-ऐकू लागले, तर एकाचा प्रखर सिग्नल दुसऱ्याच्या कानात जातो आणि फोनचा क्षीण आवाज बुडतो. म्हणून सगळ्या टॉवरांची घड्याळे साधारण दीड मायक्रोसेकंदाच्या आत जुळलेली लागतात. हा ताळमेळ बहुतेक ठिकाणी जीपीएससारख्या उपग्रहांच्या वेळेवर उभा असतो. 26 जानेवारी 2016 रोजी एक जुना जीपीएस उपग्रह सेवेतून काढताना झालेल्या गडबडीमुळे त्या यंत्रणेच्या प्रक्षेपित वेळेत 13.7 मायक्रोसेकंदांची चूक शिरली. नकाशे ठीक चालले, म्हणून लोकांना काही कळले नाही. दूरसंचार यंत्रणांतल्या घड्याळांनी मात्र धोक्याच्या सूचना दिल्या. 13.7 मायक्रोसेकंदांत प्रकाश चार किलोमीटरहून जास्त जातो.

आता फोन थेट उपग्रहाशी बोलू लागले आहेत. सुमारे 600 किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदाला सुमारे 7.5 किलोमीटर वेगाने फिरतो. 2 गिगाहर्ट्झला त्याचा डॉप्लर 48 किलोहर्ट्झपर्यंत जातो, आणि 4जीत दोन उपवाहकांमधले अंतर आहे 15 किलोहर्ट्झ. मोबाइलच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणकात यावर काढलेला मार्ग असा, की फोनने उपग्रह-दिशादर्शनातून स्वतःचे ठिकाण जाणावे, उपग्रहाने कळवलेली कक्षा घ्यावी आणि डॉप्लर नि वेळ या दोन्हींचा हिशेब आधीच करून मगच बोलावे. मार्ग हुशारीचा आहे. पण त्यात ‘समजा’ पुन्हा आले आहे: समजा, फोनला आपण कुठे आहोत हे माहीत आहे. पूर्व भूमध्य सागरात आणि बाल्टिकच्या परिसरात दिशादर्शनाचे सिग्नल मुद्दाम बुडवण्याचे प्रकार आज नित्याचे झाले आहेत.

म्हणूनच अभ्यासक्रमाचा क्रम उलटा करण्याची गरज आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला, सुमारे एक किलो वजनाचा ‘स्वयम्’ उपग्रह 22 जून 2016 रोजी पीएसएलव्ही-सी34ने कक्षेत गेला. तो 437 मेगाहर्ट्झच्या आसपास बोलायचा. तो डोक्यावरून जात असताना त्याची वारंवारता काही मिनिटांत सुमारे 10 किलोहर्ट्झ वरून तेवढीच खाली उतरायची. अशा उपग्रहाला ऐकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी जुळवणी हे शेवटचे प्रकरण राहूच शकत नाही. ते पहिल्या मिनिटाचे काम असते. आज संगणकाला जोडायचे स्वस्त रिसीव्हर कुठल्याही जिल्ह्याच्या महाविद्यालयाला परवडतात. त्यांचे स्फटिक ओबडधोबड असतात, आणि शिकण्यासाठी तोच त्यांचा गुण आहे. पडद्यावर स्थिर दिसायला हवेत असे चिन्हांचे ठिपके गोल फिरताना दिसले, की वारंवारतेची चूक म्हणजे काय ते सूत्राआधी डोळ्यांना कळते. त्यांना थांबवणारे वळण स्वतः लिहिलेल्या विद्यार्थ्याला अरुंद आणि रुंद यांतली ओढाताण कुणी समजावून सांगावी लागत नाही.

उद्योगालाही हेच लागू आहे. फोनची आणि उपग्रह-सेवेची चाचणी बहुतेक करून वेगाच्या आकड्यासाठी होते, आणि जाहिरातीत तोच छापला जातो. चाचणीत फोनला मुद्दाम चुकीचे ठिकाण द्यावे, शिळी कक्षा द्यावी, स्फटिक उन्हात तापवावा, दिशादर्शनाचा सिग्नल मधेच तोडावा. मग त्याला पुन्हा जुळायला किती सेकंद लागले आणि किती वेळा तो जुळलाच नाही, हे मोजावे. नियामकाने तो आकडा वेगाच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापायला लावावा. भर समुद्रातून मदत मागणाऱ्या मासेमारी नौकेला सेकंदाला किती मेगाबिट मिळतात याच्याशी फारसे देणेघेणे नसते. तिचा पहिला संदेश किती सेकंदांत जातो, यावर तिच्यावरच्या माणसांचे सगळे अवलंबून असते.